घरचं गिऱ्हाईक

भिंगवाल्यांनी मनाशी मांडलेला हिशेब साधा होता. एकाच हॉटेलात रोज ठरल्या वेळी जायचं, एकाच टेबलावर बसायचं आणि एकच पदार्थ मागवायचा. असे तीन महिने काढले की पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. पहिली, खिडकीजवळचं टेबल. दुसरी, मेनूकार्ड न उघडता जेवण समोर येणं. आणि तिसरी, जिच्यासाठी पहिल्या दोन्हींचा खटाटोप होता ती. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी बायको, मेहुणी आणि साडू यांच्यासह ते दारातून आत शिरतील, तेव्हा कुणीतरी लगबगीनं पुढं येऊन म्हणेल, "या भिंगवाले, तुमचं टेबल ठेवलंय."

खर्चाच्या बाजूला मसुराचं सूप होतं. ते त्यांना आवडत नसे. पण त्या हॉटेलात ते कुणीच मागवत नव्हतं, तेव्हा मागवणारा माणूस पटकन लक्षात राहील, असं त्यांनी धरलं होतं.

भिंगवाले चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासत. गिऱ्हाईक पुढच्या बाजूला मालकाशी बोलायचं, आरशात बघायचं, पैसे देऊन जायचं. निम्म्या गावाच्या डोळ्यांचे नंबर भिंगवाल्यांना तोंडपाठ होते, पण त्या निम्म्या गावातल्या एकानंही त्यांना पाहिलेलं नव्हतं. याचं त्यांना एरवी काही वाटत नसे. वाटायला लावलं ते साडूंनी.

साडू लिफ्ट विकत. कुठल्याही हॉटेलात ते शिरले की वेटर वाकायचे, "या साहेब, बऱ्याच दिवसांनी" म्हणायचे आणि बसायला खुर्ची ओढून द्यायचे. साडू मान किंचित हलवून ते स्वीकारत, जणू ऊन अंगावर घेताहेत. गेल्या वर्षी त्यांनी सगळ्यांना अशाच एका ठिकाणी नेलं. दारावरच्या माणसानं साडूंना सलाम ठोकला आणि गाडीची किल्ली भिंगवाल्यांच्या हातात देऊन मागच्या बाजूला गाडी लावायला सांगितलं. मेहुणी पोट धरून हसली. बायको हसली नाही. तिनं मान खाली घालून पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. हसली असती तर बरं झालं असतं, असं भिंगवाल्यांना घरी येईपर्यंत वाटत राहिलं.

म्हणून हा खटाटोप. दुकानापासून चौथ्या इमारतीत एक हॉटेल होतं. अकरा टेबलं, एक उतारवयाचा वेटर, गल्ल्यावर मालक आणि आत भटारखान्यात आचारी आणि मालकीणबाई. भिंगवाल्यांनी मोहीम सुरू केली. बायकोनं दिलेला डबा ते अकरा वाजता उरकायचे आणि सव्वा वाजता पुन्हा जेवायला बसायचे. पहिल्या बारा दिवसांत पट्ट्याचं एक भोक वाढलं. ओळख मात्र तसूभरही वाढली नाही.

रोज वेटर यायचा आणि अदबीनं विचारायचा, "पहिल्यांदाच आलात वाटतं?" मग मेनूकार्डातलं काय चांगलं आहे ते वरपासून खालपर्यंत समजावून सांगायचा. भिंगवाले सगळं ऐकून घेऊन मसुराचं सूप मागवायचे. वेटरला आश्चर्य वाटायचं. तेच आश्चर्य, बारा दिवस, रोज ताजं.

तेराव्या दिवशी भिंगवाल्यांनी आपल्या धंद्याच्या नजरेनं बघितलं, तेव्हा घोटाळा ध्यानात आला. वेटर चिठ्ठी लिहिताना कागद नाकाला लावत होता. त्याला दोन हातांपलीकडचं काही दिसतच नव्हतं. गिऱ्हाइकं तो आवाजावरून ओळखायचा, आणि भिंगवाल्यांचा आवाज असा होता की तो ऐकूनही ऐकल्यासारखा वाटत नसे. या माणसाच्या लक्षात राहायचं तर आधी त्याला दिसायला हवं. भिंगवाल्यांनी त्याला संध्याकाळी दुकानात बोलावून नंबर काढला, स्वतः काचा घासल्या आणि कुणीतरी सोडून दिलेल्या एका फ्रेममध्ये बसवून दिल्या. पैसे घेतले नाहीत. चांगुलपणा होता त्यात, नाही असं नाही. पण त्यांच्या हिशेबात ती रक्कम चांगुलपणाच्या खात्यावर नव्हती.

दुसऱ्या दिवशी वेटरनं चष्मा लावून हॉटेल पहिल्यांदा नीट पाहिलं. छताचा रंग पाहिला, मालकांचे पांढरे झालेले केस पाहिले, आणि मग भिंगवाल्यांसमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "रोज मसुराचं सूप मागवणारे ते सगळे तुम्ही एकटेच?"

त्यानंतरचे आठ दिवस भिंगवाल्यांच्या आयुष्यातले सोन्याचे दिवस होते. ते दारात दिसले की खिडकीचं टेबल पुसलं जायचं. सूप आपणहून यायचं. मालक गल्ल्यावरून उठून "कसं काय" विचारायचे. एकदा मालकीणबाई स्वतः बाहेर आल्या आणि वेटरला डोळे देणारा माणूस कसा दिसतो ते बघून गेल्या. भिंगवाल्यांनी त्याच रात्री साडूंना फोन लावला. वाढदिवसाचं जेवण यंदा आपल्याकडून, असं सांगितलं, हॉटेलाचा पत्ता दिला आणि सहज सांगितल्यासारखं पुढं जोडलं, "तिथं आपली जरा ओळख आहे."

तिथंच थांबलं असतं तर ही गोष्ट झाली नसती. पण ओळख काही मीटरचं भाडं नाही, जागा आली की थांबायला. ती वाढत गेली. नवव्या दिवशी एक जोडपं आलं आणि त्यांना खिडकी हवी होती. मालक भिंगवाल्यांजवळ आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही जरा आत सरकता का? तुम्ही काय, घरचेच."

घरचेच. भिंगवाल्यांना गुदगुल्या झाल्या. ते आनंदानं भटारखान्याच्या दाराजवळच्या टेबलावर जाऊन बसले. पुढच्या आठवड्यात त्या टेबलाचा पाय मोडला आणि ते गल्ल्याशेजारच्या स्टुलावर आले. मग सूप उशिरा यायला लागलं. घरच्यांना मागून वाढायचं असतं, बाहेरची माणसं आधी. मग सुपात मीठ कमी पडायला लागलं, आणि मालकीणबाई आतूनच सांगायच्या की आज जरा सांभाळून घ्या. परक्या गिऱ्हाइकाला बिघडलेला पदार्थ त्या दोनदा करून देत, हे भिंगवाल्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

एक दिवस मालकांना बँकेत जायचं होतं. दहा मिनिटं गल्ल्यावर बसता का, म्हणाले. दहा मिनिटांची चाळीस झाली. दुसऱ्या खेपेला कांदेवाला आला आणि पावतीवर भिंगवाल्यांची सही घेऊन गेला. मग एका बाईंनी त्यांना हटकून सांगितलं की तुमच्याकडे काल ब्रेड शिळा होता. भिंगवाल्यांनी माफी मागितली. मागून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काल इथं जेवलो होतो आणि आपल्यालाही तोच ब्रेड मिळाला होता.

आता रस्त्यानं जाताना लोक त्यांना ओळखायला लागले होते. साडूंनाही हेवा वाटावा इतके लोक मान हलवायचे. फक्त सगळे त्यांना हॉटेलातला माणूस समजत होते.

वाढदिवसाला आठवडा उरला तेव्हा भिंगवाल्यांनी धीर केला. मालकांना बाजूला घेतलं आणि अगदी मऊ शब्दांत सांगितलं की येत्या शनिवारी मी पाहुण्यांना घेऊन येतोय, तर त्या दिवसापुरतं मला गिऱ्हाइकासारखं वागवा.

मालकांचा चेहरा उतरला. टेबलावरचा डाग ते बोटानं पुसायला लागले. मग म्हणाले, "आमचं काही चुकलं का?"

नाही नाही, तसं नाही, असं भिंगवाले चार वेळा म्हणाले, पण बोलणं आत पोचलं होतं. मालकीणबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. सूप वेळेवर आलं, मीठ बरोबर होतं, टेबल पुसलेलं होतं. इतकं परक्यासारखं वागवलेलं भिंगवाल्यांना सोसवेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी मालकीणबाईंचा जुना चष्मा मागून घेतला, नवीन काचा घालून आणून दिला आणि सुपात पुन्हा एकदा मीठ कमी पडलं, तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला.

टेबलाचं मात्र राहिलंच. नोंदवहीत नाव लिहा, असं त्यांनी शुक्रवारी सुचवून पाहिलं. मालकांनी वहीच मिटली. "तुमचं नाव वहीत? लाजवता का आम्हाला?"

शनिवारी भिंगवाले नवा शर्ट घालून साडेसहालाच हॉटेलात पोचले. बायको मागून मेहुणी आणि साडूंबरोबर त्यांच्या गाडीतून येणार होती. आत गर्दी होती. कुठल्या तरी कचेरीतली वीस माणसं निवृत्त होणाऱ्या साहेबाला निरोप द्यायला आली होती आणि त्यांनी सहा टेबलं एकत्र जोडली होती. बाकीचीही बहुतेक भरलेली होती. मालकांनी बाह्या वर सारल्या होत्या, कारण आचाऱ्याचा हात भाजला होता आणि ते स्वतः आत कढईपाशी उभे होते. भिंगवाल्यांना पाहून त्यांनी काही विचारलं नाही. गल्ल्याची किल्ली हातात ठेवली, "वेळेवर आलात" म्हणाले आणि आत गेले.

खिडकीचं टेबल रिकामं होतं. त्यावर स्वच्छ कापड होतं, पाण्याचे ग्लास उपडे घातले होते. भिंगवाल्यांना हायसं वाटलं. मग त्यांनी ताटं मोजली. ताटं तीन होती.

हे ते पचवत होते, तेवढ्यात वेटर हातावर पाच बशा तोलत आला आणि खिशातून एक पाकीट काढून गल्ल्यावर ठेवलं. दुपारी एक साहेब येऊन गेले, त्यांनी दिलंय, असं त्यानं सांगितलं. संध्याकाळी ते घरच्यांना घेऊन येणार, तेव्हा दारात पुढं होऊन "या साहेब, बऱ्याच दिवसांनी" असं म्हणायचं आणि खुर्ची ओढायची. ते म्हणे सगळीकडे असंच करतात, आदल्या दिवशी नाहीतर दुपारी जाऊन. "पण मला आज मान वर करायला सवड नाही. तुम्ही दारासमोरच बसलाय, तुम्हीच म्हणून टाका. राखाडी कोट, बोटात हिरव्या खड्याची अंगठी, बुटका माणूस. चष्म्यानं नीट बघून घेतलंय मी."

भिंगवाल्यांनी ती अंगठी पंधरा वर्षं पाहिली होती.

पंधरा वर्षांची सगळी हॉटेलं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. ते सगळे सलाम, ओढलेल्या सगळ्या खुर्च्या, ते ऊन अंगावर घेतल्यासारखं मान हलवणं. आणि प्रत्येक सलामाच्या आधी एकटाच येऊन दारात उभा असलेला एक बुटका माणूस, हातात पाकीट घेऊन. राग यायला हवा होता. आला तो कसलातरी दुसराच प्रकार. बिचाऱ्याला किती हेलपाटे पडले असतील, असं त्यांना वाटून गेलं.

सात वाजता दार उघडलं. पुढं साडू, मागं मेहुणी आणि बायको. साडू दारात क्षणभर थांबले, खांदे मागं घेतले आणि वाट पाहू लागले. वेटर भटारखान्यात होता. मागं लोक खोळंबले होते. भिंगवाले गल्ल्यामागून उठले, पुढं झाले, वाकले.

"या साहेब," ते म्हणाले. "बऱ्याच दिवसांनी."

साडूंची मान सवयीनं हलली. मग त्यांनी समोर कोण आहे ते पाहिलं आणि हलता हलता ती तशीच राहिली. कानाच्या पाळ्या आधी लाल झाल्या, मग गाल. मेहुणीला वाटलं, भिंगवाले थट्टा करताहेत. ती हसली. बायकोनं नवऱ्याच्या हातातली किल्ली पाहिली, कानामागची पेन्सिल पाहिली.

"अहो, तुम्ही गल्ल्यावर काय करताय?"

उत्तर द्यायची वेळ आली नाही. मालक कढई सोडून बाहेर आले, हात जोडून "या वहिनी, या, आमच्याकडे पहिल्यांदाच येताय" असं म्हणत तिघांना खिडकीशी घेऊन गेले आणि खुर्च्या स्वतः ओढल्या. भिंगवाल्यांना त्यांनी हलकेच सांगितलं, "पाहुण्यांचं होऊ दे. आपण मागून बसू."

मग पाहुण्यांचं झालं. साडूंना उभ्या आयुष्यात इतकं कुणी वाढलं नसेल. मासा आला, भाजलेले बटाटे आले, मेनूत नसलेली कसलीशी खीर आली. दर पाच मिनिटांनी कुणी ना कुणी येऊन विचारून जायचं. पैसे न देता आदरातिथ्य होत असल्याची साडूंना सवय नव्हती. ते दर बशीला संशयानं बघत होते आणि गल्ल्याकडे मुळीच बघत नव्हते. गल्ल्यावर भिंगवाले वीस माणसांचं बिल पाच गटांत वाटून देण्याच्या कामात नाकापर्यंत बुडाले होते.

साडेआठला गर्दी ओसरली. बायको पाणी घ्यायच्या निमित्तानं उठली आणि नवऱ्याला शोधत भटारखान्यात शिरली. भिंगवाले ओट्याला टेकून उभे होते. मालकीणबाई फडताळातून एक झाकलेलं ताट काढत होत्या. झाकणाखाली माशाचा मधला तुकडा होता, बटाटे खरपूस होते आणि सूप नव्हतं.

"मसूर नाही दिला," मालकीणबाई म्हणाल्या. "यांना आवडत नाही."

भिंगवाले चकित झाले. तुम्हाला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं.

"पहिल्याच महिन्यात कळलं. औषध घेतल्यासारखं प्यायचात की."

"मग रोज देत का होता?"

"तुम्ही मागत का होता?"

भिंगवाल्यांनी ताट पुढं ओढलं. बायकोनं एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या घामानं भिजलेल्या नव्या शर्टाकडे. तेवढ्यात वेटर रिकाम्या बशा ठेवायला आला. या घरच्या वहिनी आहेत एवढं त्याला पुरेसं होतं. दुपारचं पाकीट, सलामाचं वाक्य आणि ते कुणी कुणाला म्हटलं, हे सगळं त्यानं बशा रचता रचता सांगून टाकलं. बायकोनं ऐकून घेतलं. तिनं पदर खोचला, बटाटा उचलून तोंडात टाकला आणि ओट्याला टेकून नवऱ्याच्या ताटात जेवायला उभी राहिली. खिडकीच्या टेबलावर तिची खीर तशीच होती.

निघताना साडूंनी खिशातून पैशाचं पाकीट काढलं. मालकांनी दोन्ही हातांनी ते मिटवलं. भिंगवाल्यांचे पाहुणे म्हणजे आमचे पाहुणे, म्हणाले. साडूंनी भिंगवाल्यांकडे पाहिलं. मग निदान वेटरच्या हातावर तरी काही ठेवावं, म्हणून ते वळले.

"नको साहेब," वेटर म्हणाला. तो प्रामाणिक माणूस होता, आणि प्रामाणिक माणसाला थांबायचं कुठं हे कळत नाही. "दुपारचंच पाकीट माझ्याकडून फिटलं नाही. काम यांनी केलं, तेव्हा ते यांचं." असं म्हणून त्यानं गल्ल्यावरचं पाकीट सगळ्यांसमोर भिंगवाल्यांच्या हातात दिलं.

"कसलं पाकीट?" मेहुणीनं विचारलं.

साडूंनी छताकडे बघायला घेतलं. भिंगवाल्यांच्या हातात पाकीट होतं आणि जिभेवर पंधरा वर्षं. एका वाक्याचं काम होतं. गाडीची ती किल्ली, ते पोट धरून हसणं, सगळं एका वाक्यात चुकतं झालं असतं. बायको त्यांच्याकडे बघत होती.

"साडूभाऊ दुपारी येऊन टेबलाचे पैसे देऊन गेले होते," भिंगवाले म्हणाले. "खिडकीजवळचं मिळावं म्हणून. नाहीतर आज शनिवारी कुठलं मिळायला."

मेहुणीचा चेहरा उजळला. बघा, म्हणाली, यांना सगळ्यांची किती काळजी असते, आणि बोलून दाखवतील तर शपथ. साडूंनी मान किंचित हलवली. मग काय वाटलं कोण जाणे, ते एकदम पुढं आले, भिंगवाल्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि तसाच धरून ठेवला. गाडी आणायला ते स्वतः गेले.

बायकोनं बहिणीला सांगितलं, तुम्ही व्हा पुढं, आम्ही चालत येतो. अजून गल्ला मोजायचा राहिलाय.

झालेल्या गोष्टीचा जमाखर्च असा. जेवणाचे पैसे कुणी दिले नाहीत, म्हणजे ते मालकांनी दिले. सलामाचे साडूंनी दिले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो त्यांना महाग पडला. पाकीट वेटरनं घेतलं नाही, भिंगवाल्यांनी ठेवलं नाही, ते हात भाजलेल्या आचाऱ्याकडे गेलं. खिडकीच्या टेबलाचं श्रेय भिंगवाल्यांनी पदरचं दिलं. त्या श्रेयासाठी त्यांनी तीन महिने मसूर गिळला होता आणि ते बरोबर तीन सेकंद त्यांच्याजवळ राहिलं. मालकांचं देणं मात्र बाकी होतं. पुढच्या रविवारी मालक आणि मालकीणबाई लेकीकडे गेले. हॉटेल बंद ठेवायचा प्रश्नच नव्हता, घरची माणसं होती की. अकरा ते चार गल्ल्यामागं दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर भिंगवाले पैसे घेत होते आणि दुसरीवर बायको, येईल त्या माणसाला शिळ्या ब्रेडबद्दल अशी ठणकावून उत्तरं देत होती, की त्या दिवशी एकानंही तक्रार दुसऱ्यांदा केली नाही.